व्हॉइस बॉट करणार असाल तर आधी मामाला फोन लावा

मी लातूरचा. शेवटच्या वर्षाला सोयाबीन-तुरीचे भाव सांगणारा मराठी फोन बॉट केल्ता. इंटेंट (माणसाला काय पाहिजे), स्लॉट (पीक, बाजार असे भरायचे रकाने) तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही. मी मेलो ते कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे ऐकलेलं बरोबर का ते विचारून घेण्यात.

माझा बॉट प्रत्येक गोष्टीला "बरोबर का?" विचारायचा. मला वाटलं लई सेफ काम झालं. मग औश्याच्या मामाला फोन करायला लावला. मामा म्हणले तूर, बॉटानं ऐकलं सोयाबीन, "सोयाबीन, बरोबर का?" मामा म्हणले, "न्हाई बाबा, तूर म्हणलं की." आता बॉट तिथं फक्त हो-नाही ऐकायला बसलेला, त्यानं 'नाही' उचललं, 'तूर' सोडून दिली, आणि परत "कोणतं पीक?" मामांनी आवाज चढवून "तूऽऽर" केलं, तर असं ताणून बोललं की मशीनला अजूनच कमी कळतंय, ते साध्या बोलण्यावर शिकलेलं असतंय ना. कसंबसं तूर ठरली, "बरोबर का?" ला मामा म्हणले "व्हय". माझ्या यादीत 'हो' होतं, 'होय' होतं, 'व्हय' नव्हतंच. लातूरचा असून! फोन कट.

तर 'नाही'च्या पुढचं वाक्य पूर्ण ऐका, त्यातच खरं उत्तर असतंय. कॉन्फिडन्स (नीट ऐकलं का याचा मशीनचा अंदाज) बरा असेल तर खात्री पुढच्या प्रश्नात गुंडाळा, "तुरीचा भाव कोणत्या बाजारातला सांगू?", चुकलं असेल तर माणूस आपणहून टोकतो. पैसे कापायचे असतील तिथं मात्र सरळ विचारा, तिथं शहाणपणा नको.

माणसामाणसात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, म्हणून बॉट दीड सेकंद गप्प बसला की खटकतं. पण लई घाई केली तर "ते आपलं... तूर" मधे 'आपलं'वरच तोडतो.

आमचे गाईड म्हणायचे मोठं भाषा-मॉडेल लाव, सगळं सुटतंय. सर चांगले, पण त्यांनी एक कॉल ऐकला नव्हता. मॉडेल लावलं, बोलणं गोड झालं, 'व्हय'ची भानगड सुटली, पण बाजार कोणता ठरला हेच मधे विसरायचं.

डेटा नाही म्हणून घाबरू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी 2005 पासून पिट्सबर्गच्या बसच्या चौकशीचे रात्रीचे खरे फोन बॉटावर घेतले, 2013 ची डायलॉग स्टेट ट्रॅकिंगची (बोलण्यात आतापर्यंत काय ठरलं ते धरून ठेवायची) स्पर्धा त्याच कॉलवर झाली. ते वाचा, आणि पाच-दहा पाहुण्यांना फोन करायला लावा.

मामांना दुसऱ्यांदा भाव मिळाला. मग "एवढाच का?" म्हणून बॉटाशीच भांडत बसले, त्याचं उत्तर अजून लिहायचंय.