इंद्रभुवन जलरंगात उतरवताना

चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरण्यात माझी हयात गेली, त्यामुळे प्रत्येक चौकट भरायचीच ही सवय. ती मोडली अमेरिकी चित्रकार एडवर्ड हॉपरच्या 'द मॅन्सार्ड रूफ' या चित्रामुळे. १९२३ साली अमेरिकेतल्या ग्लॉस्टरमध्ये काढलेलं हे जलरंगातलं घर ब्रुकलिन संग्रहालयाने १०० डॉलरला घेतलं. त्यातलं ऊन मला आपल्या सोलापुरातलंच वाटतं.

इंद्रभुवनासमोर, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या जुन्या नक्षीदार इमारतीसमोर, सकाळी लवकर बसा. नंतर रंग ब्रशवरच वाळतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या. पेन्सिलीने आधी सावल्यांच्या कडा आखा, नक्षी मागाहून. उन्हातली भिंत कोरीच ठेवा, फार तर पिवळ्या गेरूचा पाणीदार हात द्या. पांढरा रंग पेटीतून काढूनच टाका, मोह नको.

आता खरं काम. सावलीसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र भरपूर कालवा, कारण मध्येच संपलं तर तीच छटा पुन्हा जमत नाही. बोर्ड किंचित तिरका धरा. सज्जाखालची सावली वरून खाली एका दमात ओढा, खाली जमलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपा. ओल असताना परत हात लावू नका, डाग पडतो. बारीक नक्षी सावली पूर्ण वाळल्यावर, चार-दोन ठिकाणीच.