वर्षाचे २३ दिवस

दरवर्षी पुण्या-नाशिककडची दोन-तीन मुलं मला विचारतात, "मावशी, अमेरिकन सीरियलमध्ये काम कसं मिळतं?" काम कधीतरी मिळतं हो. दोन कामांच्या मधले आठ महिने कसे काढायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. मी लॉस एंजेलिसमध्ये दहा वर्षं छोट्या भूमिका करतेय. पोटापाण्याला लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. पुढचं सगळं या दोन्ही खुर्च्यांवर बसून लिहिलंय.

आधी हिशेब, कारण तो मला कुणीच सांगितला नव्हता. इथली कलाकारांची संघटना म्हणजे सॅग-आफ्ट्रा. २०१२ साली दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ती झाली. जुलै २०२४ पासून एका दिवसाच्या कामाचा तिचा किमान दर होता १,२०४ डॉलर. ऐकायला झकास. पण संघटनेचा आरोग्यविमा मिळायला २०२५ मध्ये २७,५४० डॉलरची कमाई लागत होती. भागाकार करा: २३ दिवस. वर्षात २३ दिवस कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळालं, तर आजारी पडायची सोय झाली. २०२३ मध्ये ११८ दिवसांचा संप झाला, तेव्हा संघटनेनंच सांगितलं होतं की ही रेषा सातांत एखादाच ओलांडतो. माझं सगळ्यात चांगलं वर्ष ११ दिवसांचं होतं.

विमा नवऱ्याच्या नोकरीतून मिळतो, म्हणून मी टिकले. हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाखतींमधून जिद्दीच्या गोष्टी ऐकायला मिळतात, घरभाडं कोण भरत होतं ते कुणी सांगत नाही.

आता शब्द. इथे 'को-स्टार' म्हणजे नायकाचा जोडीदार नव्हे. एका भागात चार-पाच वाक्यं बोलून जाणारा तो को-स्टार: नर्स, वेटर, शेजारीण. ज्याच्याभोवती त्या भागाची गोष्ट फिरते तो 'गेस्ट स्टार'. परत परत येणारा 'रिकरिंग' आणि करारानं बांधलेला 'सीरीज रेग्युलर'. मागे नुसती चालणारी माणसं 'बॅकग्राउंड', त्यांची भरती वेगळीकडून होते. हॉलिवूडमध्ये त्यासाठी १९२५ पासून सेंट्रल कास्टिंग नावाची संस्थाच आहे. बॅकग्राउंडचं काम वाईट नाही. सेट कसा चालतो, पहिला शॉट लागायच्या आधी तीन तास का जातात, कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे मी तिथंच शिकले. फक्त तिथून बढती मिळत मिळत वर जाता येईल, असं समजू नका. तो जिना वेगळा आहे.

संघटनेत शिरायचे रस्ते मुख्यतः दोन. बॅकग्राउंडच्या कामात युनियनची तीन व्हाउचर, म्हणजे युनियनच्या दरानं दिवसभर काम केल्याच्या चिठ्ठ्या, मिळवायची, नाहीतर कुणीतरी तुम्हाला थेट बोलती भूमिका द्यायची. दुसऱ्या प्रकाराला इथे सगळे 'टाफ्ट-हार्टली होणं' म्हणतात. टाफ्ट-हार्टली हा १९४७ सालचा कामगार कायदा, त्याचं क्रियापद झालंय. मी अशीच झाले. मग प्रवेश फी ३,००० डॉलर. मी ती लगेच भरली आणि पस्तावले. सभासद झालं की युनियनबाहेरचं काम घेता येत नाही आणि माझ्याकडे दाखवायला होता एक सीन. आधी विद्यार्थ्यांच्या फिल्म आणि छोट्या बिनयुनियन कामांतून आपल्या कामाचे तुकडे जोडून दोन मिनिटांची रील जमवा, मग फी भरा.

आणि त्याआधी व्हिसा. शिकायला आलात तर पदवीनंतर त्याच क्षेत्रात काम करायला साधारण एक वर्ष मिळतं. इंजिनिअर मित्रांना मिळते ती वाढीव मुदत अभिनयाच्या पदवीला नाही. पुढे ओ-वन व्हिसासाठी असाधारण कामगिरीचे पुरावे लागतात. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावर सुरुवात केली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. वय ऐकून मंडळाच्या नाटकातली मैत्रीण म्हणाली होती, "आता गं काय हिरॉइन होणारेस?"

हिरॉइन व्हायचंच नव्हतं. चरित्र अभिनेत्यांच्या धंद्यात वय हे भांडवल असतं. कॅथरीन जूस्टन शिकागोत मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होती. बेचाळिसाव्या वर्षी अभिनयाकडे वळली, १९९५ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी हॉलिवूडला आली आणि 'डेस्परेट हाउसवाइव्ज'मधल्या खवट शेजारणीसाठी तिला दोन एमी मिळाले, २००५ आणि २००८ मध्ये. थेल्मा रिटर १९४७ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आली ती पंचेचाळिशीत, श्रेयनामावलीत नावही नव्हतं. पुढे सहा ऑस्कर नामांकनं झाली. एकही जिंकली नाही, ते सोडा. हॅरी डीन स्टँटन १९५०च्या दशकापासून कोपऱ्यातल्या भूमिका करत होता. नायकाची भूमिका हाती आली १९८४ मध्ये, तेव्हा तो अठ्ठावन्नला टेकला होता.

स्टुडिओंच्या काळात अशा नटांना आठवड्याचा पगार असे. वॉल्टर ब्रेनन आधी एक्स्ट्रा होता. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झालं आणि पहिलंच त्याला मिळालं. पुढे आणखी दोन. तेव्हा एक्स्ट्रांनाही मत होतं आणि ते आपल्या माणसाला मत देत, अशी कुरबुर झाली. त्याचे पुढचे दात अपघातात गेले होते. त्यावरून किस्सा सांगतात, की भूमिका मागताना तो दिग्दर्शकाला विचारायचा, "दात लावून करू की काढून?" मला हा प्रश्न फार आवडतो. आपल्याकडे विकायला नेमकं काय आहे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

माझ्याकडे काय आहे? डॉक्टर पटेल. दहा वर्षांत मी सात वेळा डॉक्टर, दोनदा मोटेलची मालकीण आणि एकदा नवरीची आई झालेय. आडनाव पटेल, गुप्ता, नाहीतर सिंग. कुलकर्णी अजून लिहिलेली पाहिली नाही. पहिल्यांदा राग आला. आता वाटतं, दार कुठल्या आडनावानं उघडतं यापेक्षा आत गेल्यावर मी काय करते ते माझं. 'हलका भारतीय उच्चार' असं भूमिकेच्या वर्णनात असलं, की मी टीव्हीवरचं ठरीव इंग्रजी काढत नाही, डोंबिवलीतल्या माझ्या आईचं काढते. ते खरं आहे आणि वेगळं ऐकू येतं. त्या उच्चाराची नुसती टिंगल करणारी भूमिका मात्र मी सोडते. दोन सोडल्या, एजंट तेव्हा फुरंगटला. हा पेच जुनाच आहे. मुंबईचा रणजित चौधरी, 'खट्टा मीठा' आणि 'बातों बातों में'मधला, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गेला. तिथल्या पटकथेत मनाजोगतं काही मिळेना तेव्हा 'सॅम अँड मी' त्यानं स्वतः लिहिला, दीपा मेहतांनी तो १९९१ मध्ये केला. 'द ऑफिस'मध्ये तो टेलिफोनवर माल विकणारा विक्रम आहे. पुन्हा बघा, किती थोडक्यात माणूस उभा करतो.

न्यूयॉर्क की लॉस एंजेलिस? रंगभूमीची ओढ असेल तर न्यूयॉर्क. 'लॉ अँड ऑर्डर'नं १९९० ते २०१० या वीस वर्षांत ४५६ भाग केले आणि तिथल्या नाटकवाल्यांच्या कित्येक घरांत चूल पेटती ठेवली. जे. के. सिमन्स तिथं मानसोपचारतज्ज्ञ असायचा. 'व्हिप्लॅश'चं ऑस्कर त्याला साठाव्या वर्षी मिळालं, तोवर विम्याच्या जाहिरातीही केल्या होत्या.

फसवणुकीबद्दल. मी आले तेव्हा एका कंपनीनं 'तुमचा चेहरा फार मार्केटेबल आहे' म्हणत फोटो आणि वर्ग मिळून माझ्याकडून नऊशे डॉलर काढले. कॅलिफोर्नियात काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणं बेकायदा आहे, हे मला नंतर कळलं. खरा एजंट तुम्हाला पैसे मिळाल्यावर दहा टक्के घेतो. छोट्या भूमिकेत ते दहा टक्के बहुतेक वेळा दराच्या वर घालून मागतात, त्याला 'स्केल प्लस टेन' म्हणतात. एजंटनं आपल्याच फोटोग्राफरकडे जायची सक्ती केली, की उठून बाहेर या.

रेसिड्यूअल म्हणजे पुनःप्रसारणाचे पैसे. माझा एक चेक सत्तेचाळीस सेंटचा आला होता, पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग. स्टुडिओ सिटीत एकेकाळी एक बार होता, एक डॉलरच्या आतला असा चेक दाखवला की फुकट पेय द्यायचा. तरी हे चेक जमवत राहा, विम्याच्या कमाईत तेही धरतात. आणि बाकीच्या दिवसांत जे काम मिळेल त्याची लाज धरू नका. 'कॉस्बी शो'मधला जेफ्री ओवन्स २०१८ मध्ये न्यू जर्सीत किराणा दुकानाच्या काउंटरवर दिसला, कुणीतरी फोटो काढून त्याची चेष्टा केली, तर नटांची अख्खी जमात त्याच्या बाजूनं उभी राहिली. सगळ्यांनाच तो काउंटर ओळखीचा होता.

राहता राहिली ऑडिशन. २०२० नंतर बहुतेक सगळं सेल्फ-टेपवर चालतं: घरात राखाडी किंवा निळी भिंत, दोन दिवे, समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी. माझा नवरा वाचतो आणि नको तिथे अभिनय करतो, त्याला दटावावं लागतं. टेप पाठवली की विसरायचं. नकार कळवायची इथे पद्धत नाही, शांतता म्हणजेच नकार. कधी तुम्ही 'पिन' होता, म्हणजे अमुक तारीख मोकळी ठेवा म्हणतात, पण तो शब्द दिलेला नसतो. माझ्या चार पिनांतली एखादी पिकते. पिनेच्या भरवशावर भाच्याच्या मुंजीचं तिकीट मी एकदा रद्द केलं होतं, बहीण अजून बोलते.

एक वही करा. तारीख, भूमिका, कास्टिंगवाल्यांचं नाव आणि त्या दिवशी कुठले कपडे घातले होते ते. माझ्या वहीत सध्या सतरा वेळा 'निळा शर्ट, छोटे कानातले' लिहिलेलं आहे. कॉलबॅक, म्हणजे दुसऱ्या फेरीचं बोलावणं, आला तर तेच घालून जायचं असतं, आणि तो सहा आठवड्यांनीही येतो.