कृषी केंद्र टाकताय? आधी उधारीचा हिशेब मांडा

बी.एस्सी. ॲग्री झालेली यवतमाळ-वाशीमकडची पोरं विचारतात, "दादा, कृषी केंद्र टाकू का?" टाका. बियाणं-खत-औषधांच्या या दुकानाला लागणारा परवाना, गाळा, खतविक्रीची नोंद करणारी पॉस मशीन हे सगळं जमून जातं. माणूस अडकतो तो उधारीत. मीही तिथंच अडकलो होतो, म्हणून तेवढंच खोलात सांगतो.

समजा, जूनमध्ये ९२ हजारांचा माल आणला आणि १ लाखाला उधार दिला. कागदावर ८ हजार सुटले. वसुली कापूस विकल्यावर, म्हणजे जानेवारी धरा. पैसे दीड टक्का महिन्यानं उचलले असतील तर सात महिन्यांचं व्याज ९,६६० रुपये. नफा गेला आणि वरून १,६६० घरचे गेले. गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार यात अजून धरलाच नाही.

जानेवारीचीही खात्री नाही. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, १२ टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेत नाही, ८ च्या वर भाव कापते. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असला तरी दिवाळी तोंडावर आली की शेतकरी ओला कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. त्या पैशातून आधी वेचणीची मजुरी, मग बँक, मग दवाखाना, शेवटी आपण. तो लबाड नसतो, हे कधी विसरू नका. बोंडअळी आली की आधी त्याचंच वर्ष बुडतं.

म्हणून वर्षभर परत आले नाहीत तरी घर चालेल, तेवढेच पैसे उधारीत घाला. वहीत प्रत्येक नोंदीपुढे सही घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं असते.

"उधारीशिवाय धंदाच नाही" असं सांगणाऱ्या जुन्या दुकानदारांचं फार ऐकू नका. त्यांच्यामागे वडिलोपार्जित शेती आहे, तुमच्यामागे हप्ता. कंपनीच्या सहलीच्या स्कीमसाठी औषधं उचलू नका, मुदत संपली की ती तुमच्याच गळ्यात. युरियासोबत कंपनीवाले नको तो माल माथी मारतात, तिथं पहिल्याच दिवशी नाही म्हणा. आणि कुणाची डिग्री भाड्यानं घेऊन परवाना काढायचा विचार असेल तर दुकानच टाकू नका. २०१७ मध्ये याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. काउंटरवर जाणता माणूसच हवा.

घाबरू मात्र नका. बांधावर जाऊन पीक पाहणाऱ्या पोराकडे रोखीचं गिऱ्हाईक हळूहळू येतंच. परवान्याचा अर्ज उन्हाळ्याआधीच टाका, म्हणजे पेरणीच्या तोंडावर कागदासाठी धावपळ होत नाही.