घरच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या (कुकरच्या शिट्टीसकट)

सासवडचं घर रिकामं करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली, आत ४२ कॅसेट. त्यातल्या तीसेक विकतच्या गाण्यांच्या होत्या, त्या मी सरळ बाजूला काढल्या, कारण ती गाणी फोनवर लगेच मिळतात आणि आपल्या कॅसेटपेक्षा स्वच्छ मिळतात. तुम्हीही आधी हेच करा. वेळ घालवायचा तो घरी भरलेल्या कॅसेटवर, ज्यांच्यावर बॉलपेनने "बारसं" नाहीतर "मिक्स" असं लिहिलेलं असतं. "मिक्स" वाल्या तर अजिबात टाकू नका. आमचे बाबा रेडिओसमोर टेप ठेवून गाणी भरायचे, सगळ्यांना दम देऊन गप्प बसवायचे आणि तरी कडव्याच्या मध्यात आतून कुकर वाजायचाच, मग आजीचं "अगं गॅस बंद कर" आणि मग बाबांचं "श्शूऽऽ". गाणं कुठेही मिळेल हो, ते "श्शू" कुठे मिळणार?

कॅसेट हातात घेतली की वाजवायच्या आधी तिच्या पाठच्या कडेला बघा, म्हणजे रीळ दिसते त्याच्या उलट्या बाजूला. तिथे दोन टोकांना प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात, शाबूत असतील तर स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाका. कोणी मोडलेल्या जागी सेलोटेप लावली असेल तर तीही काढा. असं केलं की त्या कॅसेटवर चुकूनही परत काही भरलं जात नाही. हे मी पहिल्या दिवशी केलं नाही, नवीन घेतलेल्या जुन्या टेपची बटणं माहीत नव्हती, त्यामुळे आता काकांच्या मंगलाष्टकांच्या मध्ये ११ सेकंद माझं "अरे हे चालू का होत नाहीये" आहे. कायमचं.

टेप कुठे मिळेल? बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. जाताना एक बिनकामाची कॅसेट आणि सेल खिशात ठेवा, आणि तिथेच वाजवून बघा, दुकानदार "चालू आहे साहेब" म्हणतो ते लाइट लागतो एवढ्यावरच. आवाज लडबडत असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो, टेप घ्यायला हरकत नाही, थोडी घासाघीस मात्र करा. बेल्ट तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा, जुना बेल्ट बरोबर न्या. पुष्कळदा तो आत डांबरासारखा वितळलेला असतो, मग चाकांभोवती दोरा फिरवून माप घ्या आणि त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट मागा.

आता साफसफाई, इथे कंटाळा करू नका. हेड (रीळ ज्याला घासून जाते तो धातूचा छोटा ठोकळा) आणि त्याच्या शेजारची बारीक लोखंडी दांडी इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायची, केमिस्टकडे नाहीतर तपकीर गल्लीत मिळतं. इअरबड तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत पुसायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लास्टिक खातं. रबराचं चाक नुसत्या ओलसर फडक्याने पुसलं तरी पुरतं.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली रीळ थोडी मोकळी होते. घट्ट वाटली तर टेपवर जबरदस्ती नको, सहा कडांची पेन्सिल दात्यात घाला आणि हाताने फिरवा, हे शाळेत सगळ्यांनी केलंय. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर रिळीच्या मागे, बरोबर मध्ये, पितळी पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) चौकोनी तुकडा असतो तो गळून पडलाय का बघा, त्याचा गोंद सुकतो. अशा वेळी स्क्रूवाली एखादी भंगार कॅसेट उघडून आपली रीळ तिच्यात घालायची, दहा मिनिटांचं काम आहे. रीळ तुटली असेल तर खास जोडायची टेप मिळते ती चकचकीत बाजूने लावा. सेलोटेप लावू नका, गोंद बाहेर झिरपतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो.

आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत पुण्यात पापडसुद्धा नरम पडतात, तिथे रीळ काय. दिवाळीनंतर काढा.

जोडणी सोपी आहे. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकात. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचं भोक असतं, त्यात आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आवाज भरायचं ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सेटिंग ४४१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा, घरगुती बोलण्याला मोनो पुरे. सगळ्यात मोठा आवाज ऑडॅसिटीच्या मीटरवर उणे ६ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहील असं बघा, आमच्याकडे हा "सगळ्यात मोठा आवाज" म्हणजे आत्या. ९० मिनिटांची कॅसेट मोनोत साधारण ४८० एमबी होते. आणि हो, कॅसेट तिच्याच वेगाने वाजते, ९० मिनिटांची कॅसेट भरायला ९० मिनिटंच लागतात, तेव्हा शेजारी मटार सोलायला घेऊन बसा.

तरी आवाज बसलेला, घोगरा येतोय? हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. मूळ जागेची मार्करने खूण करा आणि कॅसेट चालू ठेवूनच तो अगदी किंचित इकडेतिकडे फिरवा, एका ठिकाणी स, श एकदम लख्ख ऐकू येतात. ज्या टेपवर ती भरली त्याचं हेड थोडं तिरकं असेल तर असं होतं.

माझी सगळ्यात आवडती भानगड वेगाची. आमच्या वाड्यातल्या भजनाची एक कॅसेट होती, लावली तर आजोबा मिकी माउससारखे गायला लागले! त्या रात्री लाइट गेलेली, टेप सेलवर चालू आणि सेल उतरलेले, म्हणजे भरताना टेप हळू फिरली आणि आता नीट वेगाने वाजवली की सगळं पळतं. ऑडॅसिटीत वेग बदलता येतो, पण किती बदलायचा? आजोबांची बाजाची पेटी दादाकडे आहे. त्याला फोन केला, म्हटलं पांढरी चार दाबून धर, आजोबा कायम त्याच पट्टीत गायचे. तो धरून बसला, मी इकडे वेग कमी करत गेलो, आणि सूर जुळला तेव्हा फोनवर दादा म्हणाला, "हां, हे आपले आजोबा."

व्हिडिओ कॅसेटबद्दल थोडक्यात. खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला जाते. आणि चालू व्हीसीआर असेल तर जपून वापरा, नवीन बनणं २०१६ मध्येच बंद झालं.

शेवटी एकच भांडण. पहिल्या दोन कॅसेट मी एका दुकानात दिल्या होत्या, त्यांनी "एकदम क्लीन करून देतो" म्हणून खरखर, कुकर, रस्त्यावरचा कल्हईवाला सगळं पुसून दिलं, बाबांचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. नॉइज काढायचं बटण दाबायचंच असेल तर कॉपीवर दाबा. मूळ भरलेली वेव्ह (WAV) फाइल तशीच ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, नावात वर्ष, गाव आणि प्रसंग टाकून. नातेवाइकांना एमपीथ्री पाठवा, आत्याचा फोन आधीच गुड मॉर्निंगने भरलेला आहे. कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा. परत माळ्यावर नको, पत्र्याखाली मे महिन्यात भाजून निघतात.