मोतीबागेच्या छोट्या इंजिनासारखा मुलांचा पलंग

नागपुरातल्या मुलाने आगगाडीचा पलंग मागितला, तर नमुना शोधायला दूर जाण्याची गरज नाही. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात त्याच्याबरोबर एक सकाळ घालवावी आणि त्याला कोणते इंजिन आवडते, त्यातले नेमके काय आवडते, हे नीट पाहावे. नागपूर-छिंदवाडा मार्गावर २०१५ पर्यंत धावलेल्या छोट्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अवघे अडीच फूट होते. ही इंजिने मुळातच आटोपशीर असल्याने त्यांचे रूप ३ फूट रुंदीच्या पलंगाला शोभून दिसते. घरी आल्यावर मुलाला चित्र काढायला सांगावे आणि त्याने न विसरता काढलेल्या गोष्टीच, बहुधा चाके, धुराडे आणि पुढचा दिवा, पलंगासाठी निवडाव्यात.

या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पलंग आणि इंजिन या दोन वेगळ्या वस्तू समजून कराव्यात. पलंग पंधरा-वीस वर्षे टिकणारा असावा आणि इंजिन हे त्याला आतून नटबोल्टने जोडलेले आवरण असावे, कारण आज आगगाडीत रमणारा मुलगा पाच वर्षांनी तिच्याकडे पाहणारही नाही. चाके आणि बॉयलर उतरवल्यावर मागे साधा, देखणा पलंग उरला पाहिजे. सगळे एकत्र खिळ्यांनी ठोकले, तर ती सोय कायमची जाते.

गादी ७२ बाय ३६ इंच आणि ५ इंच जाडीची घ्यावी. लहान मापाची गादी घेण्यात काटकसर नाही. पलंगाचे आतले माप ७३ बाय ३७ इंच ठेवावे, म्हणजे चादर खोचायला बोटे जातात. चार पायांसाठी अडीच इंच चौरस सागवान लकडगंजातील आरामशीनवरून कापून आणावे. बाजूच्या फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या, १० इंच रुंद आणि जमिनीपासून ७ इंच उंच बसवाव्यात, म्हणजे खाली झाडू आणि पोछा सहज फिरतो. प्लाय आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय घ्यावा. तो महाग पडतो, पण उन्हाळ्यात कूलरची ओल आणि नंतर पावसाळ्याची दमट हवा, अशी दुहेरी परीक्षा इथल्या लाकडाला द्यावी लागते आणि पार्टिकल बोर्ड त्यात फुगतो. प्रत्येक कोपऱ्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट लावावेत. जोडलेला पलंग दारातून वळत नाही, शिवाय वाळवी तपासण्यासाठी तो कधीतरी उघडावा लागतो.

गादीखाली अखंड प्लाय टाकू नये. माझ्या भाच्याच्या पलंगाला मी तसा टाकला होता आणि ऑगस्टमध्ये गादी उचलली तेव्हा तिच्या तळाला बुरशी धरलेली होती. त्याऐवजी ३ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा १५ आडव्या पट्ट्या २ इंचांच्या फटी सोडून बसवाव्यात. ७३ इंचांत त्या बरोबर बसतात. पट्ट्या टेकण्यासाठी दोन्ही फळ्यांना आतून दीड इंची लाकडी पट्टी फेविकॉल लावून दर ६ इंचांवर स्क्रूने घट्ट करावी आणि मध्ये पलंगाच्या लांबीच्या दिशेने एक दांडा पायासह द्यावा. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर सागवान चिरते. पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून ११ इंचांवर आली की गादी १६ इंचांवर येते आणि चार वर्षांचे मूल स्वतः चढू-उतरू शकते. इंजिन जोडण्याआधी दोन मोठ्या माणसांनी त्यावर बसून पाहावे, कारण रात्री गोष्ट सांगायला आजी-आजोबाही तिथेच बसणार आहेत.

आता इंजिन. १२ मिलिमीटर प्लायमधून १४ इंच व्यासाची चाके जिगसॉ मशीनने कापावीत आणि जमिनीपासून इंचभर वर, प्रत्येकी दोन बोल्टने घट्ट बसवावीत. फिरणाऱ्या चाकाचा मुलाला मोह होतो, पण त्यात बोट सापडते, म्हणून चाक फिरता कामा नये. पायाकडच्या फळीवर २४ इंची गोल चकती म्हणजे बॉयलरचे तोंड झाले. त्यावर धुराडे बसवायचे असेल, तर आतून लाकडी ठोकळा द्यावा, कारण मूल त्याला धरून चढणारच. उशाकडे २ फूट लांबीची केबिनची बाजू गादीच्या वर १२ इंच उठवली, की झोपेत पडण्यापासून तीच राखण करते. केबिनला खिडकी कापू नये, रंगाने काढावी. शरीर जाईल पण डोके अडकेल असे भोक मुलाच्या पलंगाला नकोच. केबिनवर छप्परही टाकू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा पंख्याचा वारा थेट अंगावर येणे हे कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक मोलाचे असते. पुढच्या दिव्यासाठी बॅटरीवरचा एलईडी पुरतो. घरातली वीज पलंगात खेळवू नये.

सर्व कडा आधी गोल करून घ्याव्यात, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात, प्रायमर द्यावा आणि पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन हात मारावेत. घरात पडलेला जुना डबा वापरू नये. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आहे, त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. रंगकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे. उन्हाळ्यात रंग इतक्या झपाट्याने सुकतो की ब्रशच्या रेघा तशाच राहतात. शेवटचा हात दिल्यावर खिडक्या उघड्या ठेवून आठवडाभर पलंग तसाच राहू द्यावा आणि वास पूर्ण गेल्यावरच गादी टाकावी.