थायरॉइडची गोळी बदलायची, कमी करायची की थांबवायची? सहा आठवड्यांचा हिशोब

थायरॉइडची गोळी बंद केली की पहिले आठ-दहा दिवस काहीच होत नाही, आणि माणूस फसतो तो इथंच. लेवोथायरॉक्सिन शरीरातून फार हळू उतरतं. सुमारे ७ दिवसांनी त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, १४ दिवसांनी पावावर, तीन आठवड्यांनी आठव्या हिश्शावर. तोवर 'गोळीविना बरं चाललंय की' हे मनात पक्कं बसलेलं असतं. मग महिन्या-दीड महिन्यानं अंग जड होतं, पोट साफ होत नाही, केस गळतात, पाळीत रक्तस्राव वाढतो. त्याचा गोळीशी संबंध कुणी लावत नाही. दोष जातो पावसाळी हवेला, वयाला, नाहीतर शेतातल्या कामाला.

डोस वाढवला तरी असंच. नव्या डोसची पातळी रक्तात स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि टीएसएचचा (डोस पुरतो की नाही हे रक्तात दाखवणाऱ्या संप्रेरकाचा; डोस कमी पडला की तो वाढतो) आकडा त्याच्याही मागून चालतो. म्हणून या औषधात कोणताही बदल केला, डोसचा असो, कंपनीचा असो किंवा घेण्याच्या वेळेचा, तर त्याचा निकाल ६ ते ८ आठवड्यांनी काढलेल्या रिपोर्टवरच लावायचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बदलाची तारीख लिहा, तिथून सहा आठवडे मोजून तपासणीचा दिवस लिहा. पंधरा दिवसांत 'फरक पडेना' म्हणून स्वतःच अर्धी गोळी वाढवणारे पुढच्या महिन्यात छातीत धडधड घेऊन दवाखान्यात येतात.

आधी बाटलीवरचं नाव वाचा

आपल्याकडे दोन अगदी उलट औषधांना 'थायरॉइडची गोळी' असंच म्हणतात. ग्रंथी कमी काम करत असेल तर लेवोथायरॉक्सिन देतात; थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही त्याचीच नावं. ग्रंथी जास्त काम करत असेल तर कार्बिमॅझोल देतात, ते बऱ्याच जणांना निओमर्कॅझोल या नावानं माहीत असतं. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला तर थेट नुकसान होतं. शेजारणीनं गोळी सोडली आणि तिला बरं वाटलं, हे ऐकून आपली सोडण्याआधी तिची कोणती होती हे तरी विचारा.

कंपनी बदलताना

निपाणी-चिकोडीकडची माणसं कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवतात, अथणीची मिरजेला जातात, खानापूरची बेळगावात येतात. चिठ्ठी एका गावची आणि मेडिकल दुसऱ्या गावचं, त्यामुळं लिहिलेली कंपनी मिळत नाही आणि दुकानदार दुसरी देतो. औषध तेच असलं तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांतून शरीरात उतरणारं प्रमाण थोडं कमीजास्त असू शकतं. या औषधात तो थोडा फरकही रिपोर्टमध्ये दिसतो. कंपनी बदलणं चूक नाही. चूक होते ती दर महिन्याला नवी कंपनी घेण्यात, कारण मग कोणताच रिपोर्ट कशाचा आहे ते कळत नाही. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी परवडत असेल तर जरूर घ्या, पण तीच चालू ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

बदलताना आकडा जुळवा. काही बाटल्यांवर मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, काहींवर मिलिग्रॅम. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम आणि १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. जुनी बाटली मेडिकलमध्ये सोबत न्या, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, रंगावर जाऊ नका. रंग कंपनीप्रमाणे बदलतो. हवा तो आकडा मिळाला नाही तर दुकानदाराच्या अंदाजानं जवळचा घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. ८८ ची गोळी नसेल तर ७५ आणि १०० एकाआड एक दिवस असं ते सांगू शकतात, त्याची रोजची सरासरी ८७.५ येते. असं चालतं कारण औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. आठवड्याची एकूण बेरीज बरोबर असली म्हणजे झालं, फक्त कोणत्या दिवशी कोणती हे बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात एक घोळ जास्त होतो. एका डॉक्टरनं एका नावाची गोळी दिलेली असते, काही महिन्यांनी दुसरा डॉक्टर दुसऱ्या नावाची लिहितो, आणि घरातली आजी दोन्ही वेगळ्या औषधाच्या समजून रोज घेते. म्हणजे डोस दुप्पट. नवी बाटली सुरू झाली की जुनी त्याच दिवशी बाजूला काढा आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चिठ्ठीबरोबर सगळ्या बाटल्याही पिशवीत घाला.

डोस वाढवण्याआधी सकाळ तपासा

टीएसएच वाढलेला आला की बहुतेकांना वाटतं, गोळी कमी पडते. बऱ्याचदा गोळी पुरेशी असते, ती पोटातून रक्तात पोचत नाही एवढंच. पहाटे उठून साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा, कॉफी, दूध, नाष्टा अर्धा ते एक तासानंतर, हा नियम आहे. एक तास धरलेला बरा. घरात पहिला चहा पाचलाच होत असेल आणि तो सुटणार नसेल तर गोळी रात्री झोपताना घेता येते, मात्र जेवण होऊन ३ तास झालेले हवेत. नवाला जेवून दहाला झोपणाऱ्याला ही पद्धत उपयोगाची नाही.

रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात व थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर ठेवा. आरोग्य केंद्रातून गरोदर बायकांना या दोन्ही मिळतात आणि तिन्ही गोळ्या एकदम गिळल्या जातात. लोह दुपारच्या जेवणाच्या सुमारास आणि कॅल्शियम रात्री घेतलं की प्रश्न मिटतो. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होऊन थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते. पातळ अँटासिड आणि सुक्रालफेटही तिला अडवतात, त्यांच्यातही ४ तासांचं अंतर हवं. सोयाबीनचे पदार्थ न्याहारीला रोज नकोत. कोबी-फ्लॉवर मात्र विनाकारण बदनाम आहेत. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर गोळी घेणाऱ्याला त्यांनी काही होत नाही.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं चहाबरोबर गोळी घेऊन डोस वाढत वाढत १२५ वर गेला असेल आणि आज तुम्ही शहाण्यासारखी वेळ सुधारली, तर तोच डोस आता जास्त ठरू शकतो. वेळ सुधारणं हाही बदलच आहे. त्याचीही तारीख लिहा, सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

उपवासाच्या दिवशी गोळी सोडू नका. एकादशी असो की नवरात्र, ती पाण्याबरोबर घ्या आणि साबुदाणा तासाभरानं खा. रोजे धरणाऱ्यांनी इफ्तारच्या जेवणानंतर ३ तासांनी, झोपताना घ्यावी. एखादा दिवस विसरलाच तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. एका दिवसानं काही बिघडत नाही. दर आठवड्याला दोन-तीन दिवस सुटत असतील तर मात्र तो डोसच वेगळा झाला, आणि डॉक्टरांना तो खरा सांगायला हवा. नाहीतर ते रिपोर्ट बघून डोस वाढवतात.

त्रास होतोय तो कशाचा?

लेवोथायरॉक्सिन हे शरीरात तयार होणारंच संप्रेरक आहे. त्यामुळं 'साइड इफेक्ट' म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं: धडधड, हातांना कापरं, घाम, उकाडा सहन न होणं, झोप न लागणं, पातळ संडास, खाऊनही वजन उतरणं. असं काही वाटलं तर पाच मिनिटं शांत बसा आणि मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. बसल्या जागी १०० च्या वर जात असेल किंवा ठोके अनियमित लागत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाटलीवरचा आकडा आणि दुहेरी गोळी हेही लगेच तपासा. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर येऊन पडायला झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. ही सेवा कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही.

थोडा जास्त डोस वर्षानुवर्षं चालू राहिला तर कधी कधी काहीच जाणवत नाही, आणि तो अधिक धोक्याचा. साठीपुढच्या माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होतात, पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात. म्हणून 'बरं वाटतंय' म्हणणाऱ्यांनीही वर्षातून एकदा टीएसएच करावा. वजन कमी करायला म्हणून डोस वाढवून घेणं तर कधीच नको.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत केस जास्त गळू शकतात. पातळी जुळली की ते सहसा थांबतं, त्यासाठी गोळी सोडू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी थायरॉइडचा डोस बदलला की आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी) लवकर करावी. मधुमेहाच्या औषधाचंही प्रमाण बदलावं लागू शकतं.

थांबवता कुणाला येते

ज्यांची ग्रंथी ऑपरेशननं पूर्ण काढली आहे त्यांनी ही गोळी आयुष्यभर घ्यायची आहे. किरणोत्सारी आयोडीन घेतल्यानंतर थायरॉइड कमी झालेल्यांचंही जवळजवळ नेहमी तसंच. कांचनार गुग्गुळ किंवा दुसरा कोणताही काढा ते संप्रेरक तयार करून देत नाही. आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर घ्या, पण गोळीच्या जागी नको.

थांबवून बघता येते ती साधारण अशांना. बाळंतपणानंतरच्या वर्षात ज्यांना थायरॉइड निघाला, कारण तो बऱ्याच जणींत आपोआप निवळतो. मानेत दुखून, ताप येऊन ग्रंथीला सूज आली होती आणि त्यानंतर गोळी लागली, असे लोक. आणि ज्यांचा पहिला टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये होता, टी-४ (ग्रंथी बनवते ते संप्रेरक) नॉर्मल होता, त्रास काही नव्हता, तरी एकाच रिपोर्टवर गोळी सुरू झाली, असे, विशेषतः सत्तरीच्या आसपासचे. आजारपणातून उठल्यावर टीएसएच काही काळ वाढलेला दिसू शकतो. म्हणून तुमचा सगळ्यात जुना, गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधून काढा. थांबवावी की नाही याचा निम्मा निकाल त्या कागदावर असतो. अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतं का ते सांगणारी तपासणी) पॉझिटिव्ह असेल किंवा सुरुवातीचा टीएसएच १० च्या बराच वर असेल तर गोळी सुटण्याची शक्यता कमी, हे मनाशी धरा.

डॉक्टर सहसा आधी डोस निम्मा करतात, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात, ठीक असेल तर पूर्ण थांबवतात आणि तितक्याच आठवड्यांनी पुन्हा बघतात. त्यानंतर सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी. मधली तपासणी टाळली तर या पद्धतीला काहीच अर्थ उरत नाही.

स्वतःहून गोळी सोडली असेल तर लपवू नका. काही दिवसांचाच खंड असेल तर नेहमीचा डोस परत सुरू करा. कित्येक आठवडे गेले असतील, वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण डोस घेऊ नका. हृदयावर अचानक ताण येतो, म्हणून ते १२.५ किंवा २५ पासूनही चढवत नेऊ शकतात. बरेच महिने गोळी सोडलेलं म्हातारं माणूस गुंगीत राहू लागलं, अंग गार पडलं, बोलणं जड झालं, तर ती तातडीची अवस्था आहे. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या.

कार्बिमॅझोल घेणाऱ्यांसाठी

इथं एक नियम पाठ हवा. ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून पांढऱ्या पेशी बघा. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी एकदम उतरवतं, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. खानापूर-जांबोटीच्या पावसात घसा धरणं नेहमीचं, म्हणून लोक काढा घेऊन दोन दिवस काढतात. या गोळीवर असताना ते दोन दिवस जिवावर बेतू शकतात. गावात सोय नसेल तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय, निपाणीकडून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा आणि 'मी कार्बिमॅझोल घेतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तरीही गोळी थांबवून लगेच दाखवा. नुसती खाज किंवा बारीक पुरळ असेल तर डॉक्टर खाजेची गोळी देऊन औषध चालू ठेवू शकतात.

हा कोर्स सहसा १२ ते १८ महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत धडधड थांबली म्हणून सोडला तर आजार बहुधा उलटतो. पूर्ण करून सोडला तरी सुमारे निम्म्या लोकांत तो परत येतो, म्हणून पहिलं वर्ष तपासण्या चुकवू नयेत. धडधडीसाठी दिलेलं प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही आणि ते एकदम बंदही करायचं नसतं. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील तर बिडी-सिगारेट आजच थांबवा, धुरानं डोळ्यांचा हा आजार बळावतो.

दिवस राहिले तर

लेवोथायरॉक्सिन घेणाऱ्या बाईनं गरोदरपणात गोळी कधीही थांबवू नये. उलट गरज साधारण २५ ते ३० टक्के वाढते. दिवस राहिल्याचं कळताच आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मग दर ४ आठवड्यांनी टीएसएच, निदान पाचव्या महिन्यापर्यंत. बाळंतपणानंतर जुना डोस आणि सहा आठवड्यांनी तपासणी. कार्बिमॅझोल घेणाऱ्या बाईनं मूल हवं असेल तर आधीच सांगावं. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात दाखवावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत त्याऐवजी प्रोपिलथायोयुरॅसिल देतात.

तपासणीच्या दिवशी रक्त सकाळी, गोळी घेण्याआधी द्या आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद करा, त्यांच्यामुळं आकडे खोटे येतात. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, चुलीपासून आणि न्हाणीघरापासून लांब ठेवा. उष्णतेनं आणि दमटपणानं औषधाची ताकद उतरते. चार महिन्यांच्या गोळ्या एकदम डब्यात ओतून ठेवू नका.