सही झाल्यावर तोंडी शब्द टिकतो का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या दुकानाच्या ११ महिन्यांच्या भाडेकरारावर सही करताना मालक म्हणतो, "काका, रंगकाम मी करून देतो, आणि नवा करार करताना भाडं वाढवणार नाही." कागदावर मात्र कराराच्या नूतनीकरणाला १० टक्के भाडेवाढ लिहिलेली असते. इथे आधी पाहायचं ते एवढंच: शब्द सहीच्या आधी दिला की नंतर?

आधीचा शब्द लेखी अटीच्या विरुद्ध असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ नुसार त्याचा पुरावा घेतला जात नाही. म्हणजे भाडेवाढीबद्दलचं आश्वासन गेलं. रंगकामाबद्दल करारात काहीच नसेल, तर ती बोली सिद्ध करायला वाव असतो. मात्र दस्त जितका तपशीलवार आणि रीतसर, तितका हा वाव कमी. फसवणूक झाली असेल तर ही आडकाठी नाही. वडोदऱ्यात दस्त बहुधा गुजरातीत असतो, म्हणून तो सहीपूर्वी ओळीओळीने वाचून घ्याच.

सहीनंतर ठरलेला बदल मात्र तोंडी असला तरी सिद्ध करता येतो. अपवाद दोन: कायद्याने लेखीच हवा असा करार, आणि नोंदणी झालेला करार. इथेच लोक फसतात. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ११ महिन्यांच्या कराराला नाही. पण सुरक्षित वाटतं म्हणून तोही नोंदवला, तर पुढचा तोंडी बदल कोर्टात टिकत नाही. तिथे सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला पुरवणी करारच करावा लागतो.

करार नोंदवलेला नसेल, तर पुरवणी करार साध्या भाषेत करा: मूळ कराराची तारीख, बदललेलं कलम, नवी अट, ती कधीपासून लागू, बाकी अटी कायम, खाली दोघांच्या सह्या. मालक टाळाटाळ करत असेल, तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा: "आज ठरल्याप्रमाणे १ एप्रिलपासून भाडं १५,००० ऐवजी १३,००० रुपये. बरोबर ना?" त्याचं "हो" आलंच पाहिजे; नुसत्या निळ्या खुणांना संमती म्हणता येत नाही. मग भाडं रोख न देता बँकेतून भरा आणि पावतीवर "पूर्ण भाडं मिळालं" असं लिहून घ्या. नाहीतर उरलेले २,००० थकबाकी म्हणून मागितले जातात.

हा संदेश असलेला फोन विकू नका, रिसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते करणं सोपं जातं.